सैल पट्ट्याच्या वहाणा

हंबीररावाची वहाण गल्लीच्या तोंडाला करकरली, की इकडे चुलीपुढे मनुबाई तव्यावर भाकरी टाकायची. परड्यातल्या दगडावर पाय धुऊन तो आत येईपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची. संसाराची निम्मी वर्षं त्यानं पलटणीत घालवली होती. पण हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आला त्या दिवसापासून हा मेळ कधी चुकला नव्हता. घरात घड्याळ होतं. फौजेतच असलेल्या त्यांच्या मुलानं, अर्जुनानं, ते आणलं होतं. पण संध्याकाळी त्या घड्याळाकडे बघायची मनुबाईला कधी गरज पडली नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मलकापूरच्या पलीकडच्या त्या गावात ऊस पुन्हा माणसाच्या वर गेला होता. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका संध्याकाळी मनुबाईनं सहज मान वर केली, तर हंबीरराव दारात उभा. तवा अजून रिकामाच होता. ती दचकली.

"आवं, कवा आलासा? वहान वाजली न्हाई."

"वाजंल कशी? हातात हाय."

"पट्टा तुटला व्हय?"

"पट्टा धड हाय गं. पाय माईना त्यात."

तो बाजेवर टेकला. मनुबाईनं पुढे होऊन बघितलं. घोट्याचं हाड, जे एरवी लिंबासारखं वर आलेलं असायचं, ते कुठे दिसेचना. पाऊल वरून गुळगुळीत, ताणलेलं, आणि त्यावर वहाणेच्या पट्ट्याचा लाल वळ.

या पायांचं हंबीररावाला कौतुक होतं. साताऱ्याच्या मैदानावर भरतीला उभा राहिला, तेव्हा गोऱ्या डॉक्टरानं एकेकाला ओल्या पायानं फरशीवर उभं केलं होतं. ज्यांचा सगळा तळवा उमटला, ते घरी गेले. हंबीररावाचा ठसा बघून मात्र डॉक्टरानं शेजारच्या साहेबाला हाक मारून तो दाखवला होता. ही गोष्ट त्यानं गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितली होती. त्या पायांना शोभतील अशा वहाणा गावच्या आकारामनं शिवल्या होत्या. तळाच्या दोन थरांमध्ये काय घालून तो ती करकर आणतो, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. "कातड्याचं गुपित हाय, कातड्यात ऱ्हाऊ द्या," म्हणायचा.

"पान्यात हुबं ऱ्हायलासा दिसभर. गारठ्यानं झालं आसंल," मनुबाई म्हणाली.

सकाळी पाय उतरलेले होते. दोघांनाही बरं वाटलं. संध्याकाळी पुन्हा भरले.

शेजारच्या खणात हंबीररावाचा धाकटा भाऊ सयाजी राहायचा. त्याची बायको धोंडुबाई हिला गावातल्या प्रत्येक दुखण्यावर काही ना काही सांगता यायचं. ती म्हणाली, "आक्का, कडकडीत पानी करा, त्यात मूठभर मीठ टाका आन् पाय बुडवून बसवा. मीठ वडून घेतंय सगळं." मनुबाईनं तसं केलं. घमेल्यात पाय सोडून हंबीरराव बसायचा आणि म्हणायचा, "पाय शिजवून खातीस का काय?" शेक बरा वाटायचा, पण सूज घोट्यावरून वर नडगीला चढत गेली.

मग आणखी एक गोष्ट मनुबाईच्या ध्यानात आली. विहिरीच्या काठावरचा चढ चढून आला की हंबीरराव बोलायचा थांबायचा. आधी धाप टाकायचा, मग उरलेलं बोलायचा. झोपताना उशीखाली घोंगडं दुमडून घ्यायला लागला. सपाट निजलं की जीव घुसमटतो म्हणाला. त्या दिवशी मनुबाईनं घमेलं पालथं घातलं आणि सयाजीला सांगितलं, "भावजी, आता मिरजंला न्ह्याचं बगा."

एसटीनं ते तिघं मिरजेला गेले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हंबीररावाची छाती ऐकली, गळ्याची शीर बघितली, आणि मग खाली वाकून नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर तिथे खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीत बोट खुपसावं तसा. मनुबाईला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

"तुमच्या विहिरीवर इंजिन आहे का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय की," सयाजी म्हणाला.

"इंजिन जुनं झालं, पाणी ओढेना, तर काय होतं? जिथे सखल असेल तिथे पाणी साचतं. यांच्या छातीतलं इंजिन थकलंय. म्हणून पाणी पायात साचतंय. पाय ही दुखण्याची जागा नाही, पाय नुसतं सांगतायत."

हंबीरराव पायांकडे बघत राहिला. इतकी वर्षं चांगलं बोललेल्या माणसानं एकदम वाईट बातमी आणावी, तसा.

"गोळी देतो. सकाळी घ्यायची, लघवी जास्त होईल, घाबरायचं नाही. निजताना पाय उशीवर. आणि मीठ बंद." डॉक्टरांनी मनुबाईकडे बोट केलं. "हे तुमच्यावर. मीठ पाणी धरून ठेवतं. आमटीत नको, भाजीत नको, वरून नको. लोणचं, पापड, सुकट, मीठ असलेलं काही काही नको."

"जी," मनुबाई म्हणाली. पलटणीतला जवानही इतक्या मनापासून हुकूम घेत नसेल.

घरी आल्यावर पहिला घोळ पायांचाच झाला. बाज जिथे होती तिथे पाय उंच केले की ते नेमके देव्हाऱ्याकडे व्हायचे. फिरवली तर पाय दक्षिणेला, आणि तसं तर मेलेल्या माणसाला ठेवतात. "मग आबाळाकडं करू का?" हंबीरराव म्हणाला. शेवटी बाज अशी लावली की पाय दाराकडे आले. त्यामुळे झालं असं, की रस्त्यानं जाणाऱ्याला हंबीररावाचं तोंड दिसायच्या आधी उशीवर मांडलेली दोन पावलं दिसायची. येणारा-जाणारा थांबून पावलांचीच चौकशी करायचा. "आज काय म्हनत्यात?" आतून हंबीरराव उत्तर द्यायचा, "रजंवर हायती."

मनुबाईनं मिठाचा सट चुलीजवळून उचलून वरच्या फळीवर ठेवला. आळणी आमटी, आळणी भाजी. लसूण जास्त घातला, चिंच घातली, मिरची वाढवली. पण मिठावाचून सगळं कोरडं पडायचं. पहिल्या दिवशी हंबीररावानं एक घास खाल्ला आणि ताट बघत बसला.

"आसं जेवान तर दुश्मनाला बी न्हाई दिलं आमी."

"खावा. औशीद समजून खावा."

"आगं, औशीदाला तरी चव आसती."

रोज भांडण. एकदा तो दुपारी सयाजीच्या घरातून तोंड पुसत आला. "लोनचं खाल्लासा व्हय?" मनुबाईनं विचारलं. "न्हाई," तो म्हणाला, आणि वर आढ्याकडे बघितलं. खोटं बोलायची वेळ आली की हंबीरराव आढ्याकडे बघायचा. आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता, म्हणून ती सवय त्याला झाकता येत नव्हती. मनुबाई तशीच धोंडुबाईकडे गेली आणि कधी नव्हे ती जावेला तोडून बोलली.

पण एके दिवशी भांडण मिटलं. हंबीररावाला ठसका लागला, पाणी घ्यायला तो मनुबाईच्या बाजूला वळला, आणि चुकून तिच्याच आमटीच्या वाटीत भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. तो चावायचा थांबला.

"तू बी आळनी खातीयास?"

"मला चालतंय."

"तुजं पाय सुजल्यात व्हय?"

मनुबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. तो तिच्या ताटाकडे थोडा वेळ बघत राहिला. त्या दिवसापासून त्यानं जेवणावरून तोंड वाकडं केलं नाही. घास मोजके झाले, एवढंच.

आणि पाय उतरले. रोज संध्याकाळी मनुबाई बाजेच्या कडेला बसून त्याच्या नडगीवर अंगठा दाबायची, आणि खड्डा भरून यायची वाट बघायची. लग्न झाल्यापासून त्याच्या पायाला तिनं हात लावला होता तो फक्त सणासुदीला, नमस्कारापुरता. आता रोज लावत होती, आणि दोघांनाही त्याची लाज वाटेनाशी झाली होती. संक्रांतीनंतर अंगठा दाबला तर खड्डा पडेना. घोट्याचं हाड पुन्हा वर आलं. मनुबाईनं ते बोटानं चाचपून बघितलं, हरवलेलं काही सापडावं तसं.

आकाराम मुद्दाम बघायला आला. तो हंबीररावाच्याच वयाचा, दोघं पोरपणी एकाच ओढ्यात पोहलेले. खुंटीवरच्या वहाणा काढून त्यानं हंबीररावाच्या पायात घालून बघितल्या. टाचेपर्यंत गेल्या, पण पाऊल अजून पुरतं उतरलं नव्हतं; पट्टा करकचून बसला.

"हवालदार, पट्टा वाईच सैल करून देतो की. जोड देतो, कुनाला दिसायचा बी न्हाई."

"कातडं कापायचं न्हाई, आकाराम. वहान हाय तशीच ऱ्हाईल. पाय येतील खाली."

"पाय काय तुमच्या हुकमात हायती व्हय?"

"लय वर्सं हुती गड्या," हंबीरराव म्हणाला, आणि वहाणा परत खुंटीला गेल्या.

एक दुखणं उतरलं तसं दुसरं चढलं. त्याची अन्नावरची वासनाच गेली. मुकाट्यानं दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. गळ्याची हाडं दिसायला लागली, सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. मनुबाईला वाटायचं, आपण याला सुजेतून काढून उपाशी मारतोय. ती देवाला काही मागत नव्हती. फक्त यानं एक भाकरी पोटभर खावी, आणि गल्लीच्या तोंडाला वहाण पुन्हा वाजावी, इतकंच तिच्या मनात होतं.

चैत्र आला. उन्हं पापडाजोगी झाली. दर वर्षीसारख्या भावकीतल्या बायका धोंडुबाईच्या सोप्यात जमल्या. उडदाचं पीठ, ठेचलेली मिरी, हिंग, आणि पापडखाराचं उकळून निवळलेलं पाणी. पापडाच्या पिठाचं डांगर कांडताना गाणी, थट्टा. मनुबाई एका कडेला बसून लाट्या तोडत होती, आणि तोडता तोडता तिच्या डोक्यात आलं, मीठ असलेला पापड नको. असंच म्हणाले होते डॉक्टर. मग मीठच घातलं नाही तर?

तिनं शेरभर पीठ वेगळं घेतलं. मीठ घातलं नाही. चिमूटभरसुद्धा नाही. हातालाही मीठ असेल म्हणून हात धुऊन आली. मात्र चवीला काहीतरी हवं म्हणून पापडखार थोडा चढता घातला. खारावाचून पापड फुलतच नाही, हे तर लहान पोरीलाही ठाऊक.

"काय हो आक्का, हवालदारास्नी येगळं पापड? राजाचं लगीन हाय व्हय?" धोंडुबाई म्हणाली.

"लगीनच समज," मनुबाई म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

पापड दोन उन्हं खडखडीत वाळले. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं निखाऱ्यावर एक भाजला आणि ताटात ठेवला. हंबीररावानं तिच्याकडे बघितलं.

"मीठ न्हाई त्यात. माज्या हातचा हाय. खावा."

त्यानं तुकडा मोडला, तोंडात टाकला. चावता चावता त्याचे जबडे थांबले. मग पुन्हा चावायला लागला, सावकाश. डोळे ओलावले. मिरी लागली असेल, असं मनुबाईला वाटलं.

"कसा लागतोय?"

"खारट लागतोय की गं," तो म्हणाला.

"मिठाबिगर!" मनुबाईला आनंद आवरेना. "सांगा आता डाक्टराला, आमाला बी अक्कल हाय म्हनावं."

त्या दिवशी हंबीररावानं पुरी भाकरी खाल्ली.

पुढचे दिवस मनुबाईच्या आयुष्यातले सुखाचेच म्हणायला हवेत. दोन्ही वेळेला पापड. आधी एकेक, मग दोन-दोन. पापड चुरून आमटीत घातला की आमटीलाही चव यायची. सदरा पुन्हा खांद्यावर बसायला लागला. अर्जुनाला सयाजीकडून पत्र लिहून घेतलं, की तुझा बाप जेवायला लागलाय, काळजी करू नको.

अंगठा ती रोज दाबायची. एका संध्याकाळी खड्डा पडला. अगदी बारीक, लगेच भरून आलेला. दिवसभर ऊन होतं, उन्हानं झालं असेल. मग रोज पडायला लागला. गोळी जुनी झाली असेल, म्हणून सयाजीनं कऱ्हाडाहून नवी आणली. पाय आणखी उंच केले. मनुबाईनं स्वतःलाच धारेवर धरलं. हरभऱ्याच्या पाल्याला आंब असते, ती बंद केली. पाण्यात क्षार असेल म्हणून नदीचं पाणी आणायला लागली. जितकी सूज वाढली, तितकं ती बाकी सगळं काढून घेत गेली. आणि ताटात काहीच उरत नाही म्हणून पापड वाढवत गेली.

"आज नको पापड," तो एकदा म्हणाला.

"का? नाकारलं म्हंजी जेवन ऱ्हायलं. खावा. तुमच्यासाटनंच केल्यात न्हवं?"

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि पापड उचलला.

ज्येष्ठ लागता लागता एका पहाटे हंबीरराव बाजेवर उठून बसला आणि त्याला श्वास पुरेना. ओठ काळसर पडले. सयाजीनं शेजारगावची जीप आणली. मिरजेला निघताना, इतक्या गडबडीतही, मनुबाईनं पापडाचा डबा फडक्यात बांधून घेतला. दवाखान्यातलं जेवण यांना जायचं नाही, म्हणून.

इंजेक्शनं झाली, नाकाला नळी लागली. दुपारपर्यंत धाप थोडी बसली. हंबीरराव उशांना टेकून डोळे मिटून बसला होता. तेच डॉक्टर आले. त्यांनी अंगठा दाबला. खड्डा आता गुडघ्याच्याही वर पडत होता.

"बाई, मीठ चालू केलंत का?"

मनुबाई ताठ उभी राहिली. "देवाशपत न्हाई. सट फळीवर हाय दिवाळीपस्नं. मी बी खात न्हाई. लोनचं न्हाई, सुकट न्हाई. पापड तेवडा खात्यात, पन बिनमिठाचा. येगळा केलाय." आणि तिनं फडकं सोडून डबा पुढे केला.

डॉक्टरांनी पापडाचा कोपरा मोडून जिभेवर ठेवला. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पापडखार किती घातला होता?"

"चढता घातला. मीठ न्हाई म्हनून."

"बाई," डॉक्टर म्हणाले, आणि थांबले. चांगला माणूस होता; कसं सांगावं, हे शोधत होता. "मिठात जे पाणी धरून ठेवतं ना, तेच खारातही असतं. नाव वेगळं, काम तेच."

मनुबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"एकट्या पापडानं झालं असं समजू नका," डॉक्टर घाईनं म्हणाले. "हृदयच फार थकलंय. आज ना उद्या हे व्हायचंच होतं. आणि चूक माझी आहे, मी नीट फोड करून सांगायला हवं होतं." ते आणखीही काही बोलले असतील. मनुबाई डब्याकडे बघत होती. खडखडीत वाळलेले, एकसारखे, पातळ पापड. इतके चांगले पापड तिच्या हातून आधी कधी झाले नव्हते.

डॉक्टर गेले. ती कॉटच्या पायाशी खाली बसली. रडू येईना. वॉर्डात कुणाचं तरी मूल हसत होतं.

"आगं," हंबीररावानं हाक मारली. डोळे मिटलेलेच होते. "हिकडं यी."

ती जवळ गेली.

"मला कळलं हुतं." एक श्वास. "पयल्याच दिशी. जिभंला कळतंय की. मीठ न्हवं, पन मिठाचाच भाऊ हाय म्हनलं."

"मग खाल्लासा का? बोलला का न्हाईसा?"

"लय दिसांनी चव आली हुती." पुन्हा श्वास. "आन् तू हसत हुतीस. कुटं मोडू?"

मनुबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हे खरं होतं, की तिच्या डोक्यावरचं ओझं आपल्याकडे घ्यायला त्यानं आत्ता जुळवलं होतं? डोळे उघडे असते तर तिला कळलं असतं. वर छताकडे बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. पण त्यानं डोळे उघडले नाहीत. आणि तिला ते उघड म्हणायचा धीर झाला नाही, ना त्या दुपारी, ना नंतर कधी.

इंजेक्शनांनी पाणी निघत गेलं. पाय झपाट्यानं उतरले. आठवडा सरता सरता ती चादर बाजूला करून बघते, तर पाऊल अगदी पहिल्यासारखं. घोट्याचं हाड वर आलेलं, बोटांच्या शिरा मोकळ्या. नुसती कातडी तेवढी ढिली पडली होती. हंबीररावानंही बघितलं.

"बघ, आलं का न्हाई खाली," तो म्हणाला. "आकारामला सांग. कातडं कापलं न्हाई, बरं झालं म्हनावं."

"घरी गेल्यावर तुमीच सांगा."

"मीच सांगतो," तो म्हणाला, आणि या वेळी मात्र त्यानं छताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मनुबाई कपबशी विसळून आणायला गेली तेवढ्यात, तो गेला.

अर्जुना रजा काढून आला तेव्हा दहावा उलगडत होता. पुढच्या कार्याची तयारी सुरू झाली. गेलेल्या माणसाच्या नावानं छत्री, तांब्या आणि वहाणा दान द्यायच्या असतात. त्याला वाटेत ऊन लागू नये, तहान लागू नये, काटे बोचू नयेत, म्हणून. वापरलेल्या चालत नाहीत, नव्या लागतात. सयाजी म्हणाला की कऱ्हाडाहून आणतो, तयार मिळतात. पण आकाराम स्वतःच आला. ओसरीच्या कडेला टेकला. हातात मापाची दोरी होती.

"मी शिवनार," तो म्हणाला. "बाजारची वहान हवालदारांच्या पायात? हसतील मला तिकडं."

सयाजीनं मान डोलावली. आतल्या फळीवर मिठाच्या सटाशेजारी पापडाचा डबा होता. दवाखान्यातून आला तसा, फडक्यात बांधलेला. त्याला अजून कुणी हात लावला नव्हता, आणि त्याचं काय करायचं हे धोंडुबाईनं दोनदा विचारूनही मनुबाईनं सांगितलं नव्हतं.

आकाराम दोरी बोटाला गुंडाळत, सोडत राहिला. मग आतल्या दाराकडे तोंड करून दबक्या आवाजात म्हणाला, "जुनं माप ध्यानात हाय माज्या. पन मधी पाय भरलं हुतं, मग उतारलं म्हनत्यात. इचारायला जीभ रेटंना वैनी. माप कुटलं धरू?"

"जुनंच धरा की आकारामकाका," अर्जुना म्हणाला. "दादांचा पाय म्हंजी... गोऱ्या डाक्टरानं हाक मारून दाखिवला हुता."

"जुनंच धरतो," आकाराम म्हणाला. "करकर घालू का? दानाच्या वहानंला कोन घालत न्हाई तशी."

दाराच्या आड बसलेली मनुबाई इतक्या दिवसांत कुणाशी चार शब्दही बोलली नव्हती. ती आतूनच म्हणाली, "घाल."

मग पदर सावरत ती उंबऱ्यापर्यंत आली. खुंटीवरच्या जुन्या वहाणांकडे तिनं बघितलं. पट्टा होता तसाच होता.

"आन् आकाराम," ती म्हणाली, "पट्टा सैल ठेव."

आकारामनं वर बघितलं.

"लांब चालायचं हाय त्यास्नी. सांजच्याला पाय भरत्यात."

आकारामनं मान खाली घातली. दोरीवर जुन्या मापाच्या गाठीपाशी धरलेला अंगठा त्यानं हळूच पुढे सरकवला, आणि बोटभर दोरी आणखी सोडली.